आमेनच्या आधी चावी नाही

आयुष्यात पहिल्यांदा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, तेव्हा मला मिळालेली पहिली सूचना होती, "डोळे मिटा."

माझ्या पायाखाली तीन पेडल होती आणि त्यातलं कुठलं कशाचं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी बसलेला शिकवणारा गृहस्थ मात्र मला आहे तेवढंही दिसू देत नव्हता. मला वाटलं, मन शांत करायचा काही प्रकार असेल. हल्ली योगवाले कुठेही घुसतात. मी मुकाट्याने डोळे मिटले. त्याबरोबर शांतवन सरांनी, गाडीच्या चारही काचा खाली असताना, भर मैदानात खणखणीत आवाजात देवाशी माझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

"हे स्वर्गीय बापा, तुझी ही लेक आज गाडी शिकायला आली आहे. ती बँकेत अधिकारी आहे, तिला दुसऱ्यांना शिकवायची सवय आहे. आज तिला शिकू दे. तिच्या हातून माणसाला, जनावराला आणि या गाडीच्या बंपरला इजा होऊ देऊ नकोस. काल एका ऑटोवाल्याला मी मनातल्या मनात जे बोललो ते तू ऐकलंच आहेस, पुन्हा सांगत नाही. मला क्षमा कर. आमेन."

मग डोळे उघडून ते आपल्या रोजच्या भाषेत आले. "आता फिरवा चावी. आमेनच्या आधी चावी नाही, हा आपला नियम आहे. काहून घाबरून राहिल्या? पाय क्लचवर आहे का ब्रेकवर, ते तरी माहीत आहे का तुम्हाले?"

माझी बदली शहराबाहेर मिहानच्या शाखेत झाली नसती तर या माणसाशी माझी गाठ पडली नसती. दोन बस बदलून जाण्यापेक्षा गाडी शिकू, असं ठरवलं, तर ज्याला विचारावं तो म्हणे, शांतवन सरांकडे जा, त्यांच्याकडचा माणूस पहिल्याच परीक्षेत पास होतो. प्रार्थनेचं मात्र कोणी सांगितलं नाही. आपण भोगलं ते दुसऱ्यानेही भोगावं, असाच सगळ्यांचा विचार असावा.

शांतवन म्हणजे सांत्वन, दिलासा. ख्रिस्ती आईवडिलांनी फार आशेने ठेवलेलं नाव असणार. पण सरांनी कोणाला दिलासा दिल्याचं निदान मी तरी पाहिलं नाही. उंच, वाळलेला माणूस. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा पांढरा फुलशर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होती ती एक जुनी पांढरी गाडी आणि तिच्या टपावर 'कृपा मोटर ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी. गाडीतला एसी बिघडलेला नव्हता, पण ते लावू द्यायचे नाहीत. शिकणाऱ्याला घाम फुटलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

वाहतुकीचे नियम आणि देवाचे नियम यांच्यात त्यांना फारसा फरक दिसत नसे. "इंडिकेटर उजवा देला अन् वळले डावीकडे. यालेच ढोंग म्हणते मॅडम. देवाले पापी चालते, ढोंगी चालत नाही." मागे घेताना मी नुसता आरसा बघायचे, तर म्हणत, "रिव्हर्स म्हणजे पश्चात्ताप. मान पुरी वळवल्याशिवाय होत नाही. तुम्ही आपल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पश्चात्ताप करून राहिल्या." आणि मागून कोणी उगाच हॉर्नवर हात ठेवून बसला, की खिडकीतून डोकं काढून अगदी शांतपणे त्याला सांगत, "वाजवा भाऊ. न्यायाच्या दिवशी हॉर्न वाजवून पुढे निघता येत नाही."

एकदा दुपारी आम्ही एका चौकात लाल दिव्याला उभे होतो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. असल्या उन्हात नागपुरात फक्त बँकवाले आणि पापी बाहेर पडतात. मी म्हटलं, सर, पोलीस नाही, कोणीच नाही, जाऊ का? सरांनी बोट वर केलं. "पोलीस नाही. पण तो वरचा उभा आहे चौकात, त्याले कधी सुट्टी पाहिली का तुम्ही?" मग दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही दोघं देवाच्या देखरेखीखाली भाजत बसलो.

त्या प्रार्थनांमध्ये रोज आमच्या चुका निघत. कोणाचा क्लच, कोणाचा राग, कोणाचं सासूशी वागणं. सीटवर बसल्यावर बायका मोकळेपणी बोलतात, आणि सर ते सगळं जसंच्या तसं वर पोहोचवत. माझ्यासाठी त्यांनी नम्रता मागितली होती, आणि दर सोमवारी नव्याने मागत. ही प्रार्थना ऐकून माणूस ख्रिस्ती होण्यापेक्षा आयुष्यभर बसने फिरणं पसंत करेल, असं मी घरी सांगत असे. मी स्वतः त्या वेळात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे. तरीही शिकणाऱ्यांची रीघ होती, कारण सरांचा माणूस पुढे कधी कुठे धडकला नाही.

आता पप्पूभाऊंबद्दल सांगायला हवं. पप्पूभाऊ म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी आणि कॉलनीतल्या मंडळाचे अध्यक्ष. चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात; वाढदिवस कोणाचाही असो, मोठा फोटो यांचा. त्यांनी थाटात नवी गाडी घेतली, दारात उभी केली, हार घातला, लिंबू चिरडलं, आणि मग लक्षात आलं की घरात गाडी येते कोणाला? स्वतः स्कूटरच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण डोक्यावर शिकाऊ पाटी घेऊन हिंडणं अध्यक्षाला शोभणार कसं? म्हणून त्यांनी बायकोला, रेखाला, सरांकडे धाडलं.

रेखा आठ दिवसांत छान शिकू लागली. अशातच एका शनिवारी संध्याकाळी सर दुसऱ्या कोणाला तरी घेऊन काटोल रोडला सरावासाठी गेले होते. तिथल्या एका ढाब्यातून पप्पूभाऊ स्कूटरवर झुलत बाहेर आले ते थेट सरांच्या गाडीसमोर. सरांच्या पायाशी जादा ब्रेक होता म्हणून अध्यक्ष वाचले. सोमवारी रेखा शिकायला आली, चारचौघांसारखी डोळे मिटून बसली, आणि सर सुरू झाले: "हे प्रभू, हिच्या धन्याला शनिवारी संध्याकाळी काटोल रोडच्या ढाब्यावरून सुखरूप घरी आण. परवा तो पिऊन आमच्या समोर आला तेव्हा तू त्याला वाचवलंस. त्याची ही सवय सोडव."

यात चहाडी करायचा सरांचा मुळीच विचार नव्हता. त्यांच्या लेखी ते देवाशी बोलत होते, आणि देवाला तर हे आधीच माहीत होतं. शेजारी बसलेली बाई ऐकते आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अशी चूक फक्त तेच करू शकत. रेखाला मात्र नवरा दर शनिवारी मंडळाच्या बैठकीला जातो एवढंच माहीत होतं. तिने आमेन होऊ दिलं आणि चावी फिरवली. त्या दिवशी तिच्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही.

घरी काय झालं ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ते इथे सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून पप्पूभाऊंना एकाएकी धर्म धोक्यात आल्याचं दिसू लागलं. आपली अब्रू गेली हे सांगता येत नाही, तेव्हा माणूस असंच काहीतरी मोठं गेल्याचं सांगतो. मोटार शिकवण्याच्या नावाखाली हा इसम बायाबापड्यांचं धर्मांतर करतो, अशी त्यांनी ठाण्यात तक्रार दिली आणि ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना रद्द करावा अशी मागणी केली. परवाना गेला असता तर सरांना दुसरं पोट भरायचं साधन नव्हतं. दोन दिवसांनी टपावरच्या पाटीला काळं फासलेलं आढळलं आणि चारही चाकांतली हवा गेलेली.

सरांनी हवा भरून आणली. काळी पाटी तशीच टपावर ठेवून ते मैदानावर आले आणि रोजच्यासारखी प्रार्थना केली. हवा सोडणाऱ्या दोघांना लोकांनी पाहिलं होतं, आणि त्यांना सरांनीच गाडी शिकवली होती, त्यामुळे नावं माहीत होती. ती घेऊन त्यांनी देवाला सांगितलं, की या दोघांना क्षमा कर, आणि धाकट्याला गिअर बदलताना खाली बघायची सवय आहे तीही सोडव.

त्यांच्या चर्चचे पाळक भेटायला आले, तेव्हा मी तिथेच होते. पाळक चांगले माणूस होते, म्हणजे कोणाला दुखवायचे नाहीत आणि कोणाच्या मदतीलाही यायचे नाहीत. ते म्हणाले, "सर, वातावरण बघता थोडे दिवस मनातल्या मनात करा. देव मनातलंही ऐकतो." सर म्हणाले, "ऐकते नं. देवाले तर ऐकूच येईल. पण मी भेलो, हेही त्याले ऐकू येईल." पाळक चहा अर्धा टाकून उठले.

सरांना ठाण्यात बोलावलं तेव्हा बचावाची सगळी आखणी मी केली. मला तशी हौस आहेच. सरांकडे शिकून गेलेले, त्या दिवशी मोकळे असलेले सगळे मी गोळा केले. मुद्दा सोपा होता: इतक्या वर्षांत सरांच्या प्रार्थनेचा एकाही माणसावर काडीचा असर झालेला नाही. असरच नाही तर धर्मांतर कसलं? ठाणेदार समंजस माणूस होता. त्याला हे प्रकरण जेवणाच्या आधी संपवायचं होतं. एका बाजूला पप्पूभाऊ आणि मान खाली घातलेली रेखा, दुसऱ्या बाजूला आमची फौज, आणि मध्ये बाकावर सर, गळ्यापर्यंत बटणं लावून.

आम्ही एकेक जण पुढे होऊन साक्ष दिली, आणि काय उत्साहाने दिली! एक काका म्हणाले, मी दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला चालत जातो, गाडी शिकलो तरी चालतच जातो. एक ताई म्हणाल्या, आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्यात कधी खंड नाही. सर दुसऱ्या दिवशी आले, प्रसाद नको म्हणाले, पुरणपोळी मात्र मागून घेतली. कोणी म्हणालं, मला त्या वेळात डुलकी लागते. मी माझ्या भाजीचं सांगितलं. ठाणेदार हसायला लागला, शिपाई हसायला लागले, शेवटी आम्हीही हसू लागलो. मी विजयाने सरांकडे पाहिलं. सर हसत नव्हते. प्रत्येक साक्षीगणिक त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

ठाणेदार म्हणाला, "झालं तर मग. सर, तुम्ही गाडी चालू करण्याआधी सुरक्षेच्या सूचना देत होते, असं लिहून टाकतो. लोकांचा काही गैरसमज झाला. सही करा अन् घरी जा."

सर उठून उभे राहिले. "साहेब, सूचना नव्हत्या. प्रार्थना होती."

मी त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"जबरदस्ती मी कोणावर केली नाही. लालूच देली नाही. पण यांनी प्रभूकडे यावं असं मले वाटत होतं. रोज वाटत होतं, अजूनही वाटते. यांच्यावर असर नाही झाला, हे खरं आहे. पण मी मागितलंच नाही, असं नका लिहू."

आम्ही सगळे हताश झालो. दार उघडून दिलेला माणूस स्वतःच्या हाताने कडी लावून पुन्हा आत बसत होता. पप्पूभाऊ लगेच म्हणाले, बघा, कबूल केलं. ठाणेदाराने कपाळाला हात लावला, घड्याळाकडे पाहिलं आणि रेखाला विचारलं, की बाई, तक्रारीत नाव तुमचं आहे, तुमच्यावर काही जबरदस्ती झाली का?

रेखाने पहिल्यांदाच मान वर केली. "नाही साहेब. त्यांनी माह्या नवऱ्यासाठी प्रार्थना केली. देव खरा का खोटा मले नाही माहीत. ढाबा खरा निघाला."

यानंतर तक्रारीत काही उरलं नाही. पप्पूभाऊंनी ती तिथेच मागे घेतली. ठाणेदाराने जाता जाता एक तोडगा काढला: ज्याला ऐकायचं नाही त्याला सरांनी गाडीतून उतरू द्यावं, आणि प्रार्थना काचा बंद करून करावी, म्हणजे रस्त्यावरच्या कोणाचं मन दुखायला नको. सरांनी मान्य केलं.

परत येताना गाडी मी चालवत होते. मला वाटत होतं, सर आभार मानतील. ते बाहेर बघत म्हणाले, "एकही नाही मॅडम? खरंच एकही नाही?"

"सर, त्याच्याचमुळे तर सुटलात."

"इथे सुटलो. पण न्यायाच्या दिवशी तो मले विचारील, शांतवन, इतके लोक तुह्या बाजूला बसले, काय केलं त्यांचं? तिथे साक्षीले तुम्हीच असान. असंच सांगान हासत हासत. ज्या साक्षीनं इथे सुटलो, तिच्यानंच तिथे अडकीन."

मला फार वाईट वाटलं, आणि सिग्नल लागला तेव्हा मी न सांगता थांबले.

ठाणेदाराच्या तोडग्याची शिक्षा सरांना झालीच नाही, ती आम्हाला झाली. मे महिना, बंद काचा, बंद एसी आणि आत देवाशी सविस्तर बोलणारा माणूस. नरकाची थोडी ओळख इथेच झालेली बरी, असं सर म्हणत. उतरायची मुभा होती. एकदा मी उतरून कडुनिंबाखाली उभी राहिलेही. पण काचेपलीकडे सरांचे ओठ हलताना दिसत होते, आणि आपल्याबद्दल काय सांगताहेत ते कळत नव्हतं. ते त्या गरमीपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवसापासून मी आतच बसले. रेखा तर एकदाही उतरली नाही. तिने तो सगळा वर्ग पुरा केला आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली.

त्यानंतर सरांनी आणखी बरीच वर्षं शिकवलं. टपावरची पाटी त्यांनी कधी बदलली नाही. काळ्याखालून 'कृपा' एवढंच वाचता यायचं, त्यांना तेवढं पुरेसं होतं. गेल्या मे महिन्यात ते गेले. सकाळच्या शिकणाऱ्याची वाट बघत, अंगणातल्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून.

दफनविधीला आम्ही इतके लोक आलो की चर्चची माणसं बिचकली. पाळकांनी फार सुंदर भाषण केलं. कठीण काळात शांतवन सर कसे खंबीर उभे राहिले, ते त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितलं की कोणाला वाटावं, शेजारी हेच उभे होते. पप्पूभाऊही आले होते. येणं भाग होतं. रेखाला यायचं होतं, आणि गाडी अजूनही तिलाच येते. माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी त्यांच्याच मागच्या सीटवर बसून आले होते.

माती देऊन सगळे बाहेर आले. दफनभूमीच्या भिंतीला लागून गाड्यांची लांब रांग होती. भर दुपार, गाड्या उन्हात तापलेल्या. दारं लागल्याचे आवाज आले आणि मग काहीच आवाज येईना. मी मागे वळून पाहिलं. रांगेतली एकही गाडी चालू झाली नव्हती. सगळ्यांच्या काचा बंद होत्या, आणि काचांमागे माणसं नुसती बसून होती. आमच्या पुढच्या गाडीत ते मंगळवारी टेकडीवर जाणारे काका मान खाली घालून बसलेले दिसले.

मीही डोळे मिटले. भाजीचा विचार करून पाहिला. जमला नाही.

पुढच्या सीटवर पप्पूभाऊंचा जीव कासावीस झाला होता. त्यांनी काचेचं बटण दाबून पाहिलं. चावी फिरवल्याशिवाय काच खाली येत नव्हती. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "चालू कर नं वं. काहून थांबून राहिली?"

स्टिअरिंगवर हात ठेवून, डोळे न उघडता रेखा म्हणाली, "थांबा. सरांचं आमेन नाही झालं अजून."

पप्पूभाऊंनी बटणावरचा हात काढून घेतला, आणि ते मुकाट बसून राहिले.